वहिनींच्या एका सुट्टीसाठी

रिपोर्टरकडे दोन प्रकारचा माल जमतो. एक छापून येतो आणि दुसऱ्या दिवशी त्यात भजी बांधली जातात. दुसरा छापता येत नाही, म्हणून टिकतो. चार जुने पत्रकार चहाला बसले की हा दुसराच माल बाहेर पडतो. आमच्या कंपूत गेली काही वर्षं तो एकाच घरातून येतोय, सिडकोतल्या अंबादासच्या घरातून.

अंबादासला पार्किन्सन आहे. आजाऱ्याच्या घरातून कसले किस्से येणार, असं तोंड करू नका. ते तोंड मी खूप बघितलंय आणि ते दिसलं की माझं डोकं फिरतं. लोक भेटायला येतात, आवाज पाडतात आणि अंबादास समोर बसलेला असताना त्याच्या बायकोला विचारतात, "आता कसं वाटतंय यांना?" अरे, त्यालाच विचार ना! तो काय भिंतीवरचा फोटो आहे?

तर आमचा कंपू असा. अंबादास मूळचा पाचोडचा, आमच्या पेपरचा अख्खा ग्रामीण डेस्क म्हणजे तो एकटा. हमीदभाई पानं लावायचे, म्हणजे छापील मजकुराच्या पट्ट्या कापून पानावर सरळ रेषेत चिकटवायचे. शेजवळ फोटोग्राफर. आणि मी गायके, भांडणं करणारा. सगळे आता रिटायर. आणि सुमनवहिनी, अंबादासच्या पत्नी, ज्यांच्या जोरावर ते घर उभं आहे. वहिनी घर सोडून कुठेही जायला तयार नव्हत्या. त्यांना एक दिवस, फक्त एक दिवस, निवांत बाहेर पडता यावं एवढीच आम्हा तिघांची धडपड होती. पुढचे बरेच किस्से त्या धडपडीतले आहेत.

*

आजाराची सुरुवात मात्र ऑफिसातच झाली आणि आमच्या डोळ्यांदेखत झाली.

बातमीची कॉपी हातानं लिहायचे ते दिवस. अंबादासचं अक्षर टपोरं, दाणेदार. ते हळूहळू बारीक व्हायला लागलं. ओळ सुरू व्हायची झोकात आणि संपेपर्यंत मुंग्यांची रांग. दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात लोक म्हणाले असते, याला काहीतरी होतंय, दवाखान्यात ने. पण आम्ही पडलो पेपरवाले. जागा कमी, मजकूर जास्त, हेच आमचं आयुष्य. आम्हाला वाटलं, गडी मजकूर जागेत बसवतोय.

संपादकांनी तर कमाल केली. भर मीटिंगमध्ये त्याचा कागद वर धरून सगळ्यांना सुनावलं, "नेटकं कसं लिहावं, ते यांच्याकडून शिका." शिकाऊ उपसंपादक खरंच बारीक लिहायला लागले. कंपोझिंगवाल्यांनी आम्हा सगळ्यांचा उद्धार केला.

पुढे कित्येक वर्षांनी मेंदूच्या डॉक्टरांनी अंबादासला एक वाक्य लिहायला लावलं. कागद बघून विचारलं, "अक्षर असं बारीक कधीपासून होतंय?"

अंबादास म्हणाला, "त्याबद्दल माझं कौतुक झालेलं हाये, डॉक्टर."

*

निदान झाल्यावर आम्ही रोज जायला लागलो आणि पहिलं भांडण झालं ते शेजवळचं.

शेजवळला विनोद सांगायची खोड आहे आणि समोरचा हसला नाही तर त्याला ते मनाला लागतं. एका सभेत व्यासपीठ कसं कोसळलं आणि त्याने पुढाऱ्याचा पाय तेवढा कसा टिपला, हा त्याचा ठेवणीतला किस्सा. तो त्याने अंबादासला रंगवून रंगवून सांगितला. अंबादासचा चेहरा कोरा. डोळ्याची पापणी हलेना. शेजवळ उठला, चप्पल घातली आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "आजारी पडला म्हणून एवढा ताठा? मी नाय येणार पुन्हा."

आणि खरंच आला नाही. दिवाळीलाही आला नाही.

शेवटी वहिनींनी त्याला फोन केला. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही गेल्यावर यांनी तो पायाचा किस्सा मला सांगितला. शेजारणीला सांगितला. दूधवाल्याला सांगितला. आतून लई हसतात हो ते. या आजारात चेहऱ्याच्या स्नायूंना हुकूम पोचत नाही, एवढंच."

शेजवळ दुसऱ्या दिवशी हजर. आल्या आल्या नवीन विनोद. अंबादासचा चेहरा तसाच कोरा. शेजवळ बिचारा घाबरून बघतोय. मग अंबादासने त्याच्या त्या खोल गेलेल्या आवाजात जाहीर केलं, "हसलो."

तेव्हापासून ही पद्धतच पडली. विनोद झाला की आम्ही थांबतो. कधी "हसलो" येतं, कधी "नाय हसलो" येतं. शेजवळला या दुसऱ्या उत्तराचा फार राग येतो.

*

गुलमंडीवरचा प्रकार मात्र मी अजून विसरलेलो नाही.

अंबादासला मोकळं वाटावं म्हणून हमीदभाई आणि मी त्याला बाजारात घेऊन गेलो होतो. त्याची चाल तुम्हाला सांगतो: पुढे वाकलेला, हात अंगाला चिकटलेले, पावलं तोकडी आणि घसटत. मध्येच ती पावलं आपोआप वेग घेतात, जणू तो स्वतःच्याच मागे धावतोय. तसाच तो एका हातगाड्यावर जाऊन टेकला. गाड्यावरचे पेरू घरंगळले. तिथे ड्यूटीवरचा एक हवालदार आला आणि अंबादासला काही विचारायला लागला. अंबादासची जीभ अडखळत होती. हवालदार म्हणाला, "सकाळी सकाळीच सुरू का, काका?"

मी भडकलो. कायदा, आजार, ज्येष्ठ नागरिक, सगळं काढलं. त्याच्या वरिष्ठांची नावं घेतली, त्यातले निम्मे रिटायर झालेले निघाले. गर्दी जमली. मी जेवढा ओरडत होतो तेवढी लोकांची खात्री पटत होती की आम्ही तिघंही घेऊन आलोय.

तेवढ्यात हमीदभाईंनी हवालदाराच्या खांद्यावर अलगद हात ठेवला. "साब, ये अब नै पीता. पीता था ना, तब तो एकदम सीधा चलता था."

गर्दी हसली. हवालदारही हसला आणि त्याने स्वतः पेरू गोळा केले. आम्ही अंबादासकडे बघितलं.

"हसलो," तो म्हणाला.

*

आता वहिनी घराबाहेर का पडत नव्हत्या, ते सांगतो. यात विनोद नाही.

मागे एकदा त्यांच्या माहेरी, तासाभरावरच्या बिडकीनला, आई आजारी होती म्हणून वहिनी गेल्या. अंबादासजवळ त्याचा चुलतभाऊ पाचोडहून येऊन राहिला. माणूस प्रेमाचा, त्याबद्दल वाद नाही. पण त्याने बघितलं की गोळी घेतल्यावर थोड्या वेळाने अंबादासचं अंग आपोआप झुलतं. त्याने निष्कर्ष काढला की हा सगळा गोळ्यांचाच प्रताप. गोळ्या उचलून कपाटावर ठेवल्या आणि कुठला तरी काढा सुरू केला.

वहिनी परत आल्या तेव्हा अंबादास लाकडासारखा कडक झाला होता. कूस बदलता येईना, घोट गिळता येईना. नजर तेवढी हलत होती. आम्ही त्याला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर चुलतभावाला म्हणाले, या गोळ्या डॉक्टरला न विचारता एकदम बंद करणं म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ आहे. अंग झुलत असेल तर येऊन सांगा, मात्रा आम्ही बघू. चुलतभाऊ ढसाढसा रडला. त्याला काय बोलणार?

मला मात्र राग आला तो सगळ्यांचाच. गोळी कधी द्यायची, का द्यायची, चुकली तर काय होतं, हे घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगायला कुणाला वेळ नसतो. मग कपाटावर गोळ्या ठेवणारे भाऊ घरोघरी तयार होणारच.

अंबादास सावरला. पण वहिनींनी त्या दिवसापासून त्याला घरी ठेवून उंबरा ओलांडणं सोडलं. भाजीलासुद्धा शेजारणीला पाठवायच्या. त्यांचं वजन उतरलं, बीपी चढलं. डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं, "बाई, पुढचा पेशंट तुम्ही आहात." वहिनींनी मान हलवली आणि घरी येऊन कुकर लावला.

*

मग आम्ही तिघांनी मनावर घेतलं की हे काम शिकायचं.

सगळ्यात मोठी अडचण दाराची होती. अंबादास चालत यायचा आणि दारात आला की पाय जमिनीला चिकटायचे. पुढे जायचं मनात आहे, पण पाऊल उचलत नाही. शेजवळ पुढून ओढायचा, मी मागून ढकलायचो आणि मध्ये अंबादास कलायला लागायचा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मॅडमनी हे बघितलं आणि आम्हाला झापलं. "ओढू नका, पडतील. थांबू द्या, श्वास घेऊ द्या. जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवा. पट्टी दिसली की ती ओलांडायला पाय आपोआप उचलतो."

पट्ट्या! हमीदभाईंचे डोळे चमकले. ऑफिसात कॉम्प्युटर आल्यापासून त्या माणसाला कुणी पट्टी चिकटवायला सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी ते स्केल, कटर आणि काळी टेप घेऊन आले. गुडघ्यावर बसून अख्ख्या घराचं पान लावलं. हॉलपासून बाथरूमपर्यंत सुंदर समांतर रेघा.

अंबादासला उभं केलं. त्याने पट्टी बघितली, पाय उचलला, ओलांडला. दुसरी ओलांडली. तिसरी. वहिनींनी तोंडाला पदर लावला. दारापाशी येऊन मात्र तो थांबला. मॅडमनी शिकवलं होतं तसं थांबू दिलं. तो हलेना.

"काय झालं रे?" मी हळूच विचारलं.

"ही तिरकी हाये," अंबादास म्हणाला.

हमीदभाई खाली वाकले, स्केल लावली. केसभर तिरकी होती. त्यांनी ती उचकटून पुन्हा लावेपर्यंत अंबादास तिथेच उभा राहिला. मग ऐटीत दार ओलांडून गेला.

*

त्यानंतर हर्नियाच्या ऑपरेशनसाठी अंबादासला दवाखान्यात ठेवावं लागलं. कुठला दवाखाना ते सोडा, सगळीकडे तेच.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, गोळीची वेळ झाली तरी गोळी येईना. वॉर्डातली सिस्टर म्हणाली, औषधांची फेरी निघेल तेव्हा सगळ्यांना मिळेल. मी म्हणालो, या पेशंटची गोळी घड्याळावर चालते, फेरीवर नाही. उशीर झाला की हा गोठतो. ती म्हणाली, नियम आहे. झालं. मी सिस्टरकडून इन्चार्जकडे, इन्चार्जकडून निवासी डॉक्टरांकडे, तिथून ऑफिसात. टेबलावर हात आपटला. उद्या पहिल्या पानावर घेतो म्हणालो, मी रिटायर झालोय हे त्यांना काय माहीत. शेवटी एका मोठ्या डॉक्टरांनी मान्य केलं, तुमचं बरोबर आहे, गोळी वेळेवरच द्यायला हवी.

मी जिंकून वॉर्डात आलो. अंबादास टेकून बसला होता, छान हातबित हलवत.

वहिनी म्हणाल्या, "मी सिस्टरला डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. ती फोनवर विचारून लगेच हो म्हणाली. तुम्ही इन्चार्जकडे गेलात तेव्हाच दिली गोळी. तुमचं भांडण झालं असेल तर चहा घ्या, भाऊजी."

*

मेंढरांचं प्रकरण त्यानंतरचं.

एके दुपारी अंबादास शांतपणे म्हणाला, "गायके, पाय वर घे. मेंढरं चाललीत."

हॉलमध्ये एकही मेंढरू नव्हतं. पण त्याला दिसत होतं. पाचोडला त्यांच्या रानात धनगरांचे कळप बसायचे, तसा कळप सोफ्याला वळसा घालून गॅलरीकडे चालला होता. मला वाटलं, संपलं, याचं डोकंही गेलं. वहिनी मात्र आतून म्हणाल्या, "मारत नाहीत ना? मग जाऊ द्या त्यांना." आणि डॉक्टरांना फोन लावायला गेल्या.

शेजवळला हे पटेना. तो म्हणाला, पुराव्यानिशी समजावलं की माणसाला पटतं. त्याने कॅमेरा काढला, सोफ्याचा, गॅलरीचा, टीव्हीखालचा फोटो काढला आणि अंबादासच्या मांडीवर कॅमेरा ठेवला. "बघ. आहे का एक तरी?"

अंबादासने फोटो नीट निरखले.

"नाय," तो म्हणाला. "हलली असतील. तुझ्या फोटोत माणसं तरी कुठं स्थिर असायची?"

डॉक्टरांनी सांगितलं, या आजारात आणि या औषधांनी असं होऊ शकतं. वाद घालू नका, घाबरू नका, मला कळवलंत हे उत्तम. त्यांनी औषधात फेरफार केला आणि काही दिवसांत कळप निघून गेला. अंबादास एकदा गॅलरीकडे बघत म्हणाला, "गरीब होती बिचारी. कुणाला शिंग नाय मारलं."

*

आणि मग बिडकीनहून निरोप आला. वहिनींच्या भाचीचं लग्न. धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी, वहिनींनी अंगाखांद्यावर खेळवलेली. वहिनी म्हणाल्या, मी आहेर पाठवते.

त्यावर अंबादास दोन दिवस वहिनींशी बोलला नाही. एरवीही त्याचं बोलणं ऐकू येत नाही, त्यामुळे हे वहिनींच्या उशिरा लक्षात आलं. मग म्हणाला, "तू माझ्यामुळं घरात कोंडली. हे मला गोळीपेक्षा जड जातं."

आम्ही तिघांनी त्या दिवसाच्या ड्यूटीसाठी अर्ज केला. वहिनींनी परीक्षा घेतली. स्वतः खोल खुर्चीत जाऊन बसल्या. "मी पेशंट. उठवून दाखवा." मी जोमात पुढे झालो, दोन्ही हात धरले आणि ओढले. वहिनी म्हणाल्या, "खांदा निखळला. नापास." शेजवळने काखेत हात घातला. "बरगडी गेली. नापास." हमीदभाई म्हणाले, "भाभी, ज़रा कडेला सरकून बसा. पाय मागे घ्या. आता पुढे वाका, आणि उठा." वहिनी उठल्या. हमीदभाई पास झाले, आम्ही त्यांचे असिस्टंट.

लग्नाच्या दिवशी सकाळी वहिनींचा थोरला भाऊ गाडी घेऊन आला. वहिनी तीनदा गाडीत बसल्या आणि तीनदा उतरल्या. गोळी जेवणाआधी द्या. वरण लगेच देऊ नका, गोळी नीट लागू होत नाही. जेवताना ताठ बसवा. चौथ्यांदा अंबादासने हात हलवून त्यांना बसायला लावलं.

मग सुरू झाली आमची ड्यूटी. गोळीच्या वेळी तिघांचे मोबाइल एकदम ओरडले आणि तिघंही पाणी घेऊन धावलो. अंबादासने तीन पेले बघितले आणि म्हणाला, "गोळी एकच घ्यायची हाये." ठरलं की गोळी फक्त हमीदभाई देणार. जेवताना मी त्याला जुन्या निवडणुकीचं काहीतरी विचारत होतो, तर शेजवळने मला गप्प केलं, घास घशात असताना मुलाखत घेऊ नको म्हणाला. जेवण झालं. दुपारची गोळी वेळेवर झाली. पट्ट्यांवरून बाथरूमला दोनदा नेऊन आणलं. गल्लीत सावलीच्या बाजूने फिरवलं. मधल्या वेळात बिडकीनहून फोनवर फोन. प्रत्येक वेळी आम्ही सांगायचो, सगळं ठीक आहे, तुम्ही अक्षता टाका.

ऊन मी म्हणत होतं. कूलर लावला. अंबादासला त्याच्या ताठ पाठीच्या खुर्चीत बसवलं, पाठीला उशी दिली. आणि आम्ही तिघं, जरा पाठ टेकावी म्हणून टेकलो. शेजवळ सोफ्यावर, हमीदभाई सतरंजीवर, मी भिंतीशी.

मला जाग आली ती फाटकाच्या कडीने. डोळे किलकिले करून बघितलं. दारात वहिनी. पैठणी नेसलेल्या, गजरा माळलेल्या, घामाघूम. अक्षता पडल्या तशा पंगतीला न थांबता निघून आल्या होत्या. त्यांची नजर शेजवळवर गेली, तो घोरत होता. हमीदभाईंवर गेली. माझ्यावर आली, मी पटकन डोळे मिटले. वहिनींनी मोठा श्वास घेतला. आता आमची खैर नव्हती.

तेवढ्यात अंबादासचा आवाज आला आणि मी एक डोळा किंचित उघडला. तो खुर्चीत ताठ बसला होता आणि त्याचा थरथरता हात वर उचललेला होता, बोट ओठांवर टेकवायची खटपट करत.

"हळू," तो म्हणाला. "आत्ता कुठं झोपलेत. सकाळपासून लई दमले."

वहिनी उंबऱ्यातच थांबल्या.

"तू जा निवांत. पोरीची पाठवणी करून ये. मी हाये ना यांच्याजवळ."

मग दार अलगद ओढून घेतल्याचं ऐकू आलं, आणि फाटकापलीकडून वहिनी भावाला म्हणाल्या, "दादा, गाडी वळव."